तामसीच्या लेथची पाठराखीण

"लोक काशीला जातात, उटीला जातात, आणि ताई तुम्ही लेथ बघायला आदिलाबादला निघालाय?" माझ्या धाकट्या जावेनं असं विचारलं, तेव्हा मी बॅगेत दोन साड्यांच्या मधे डायल गेज गुंडाळून ठेवत होते. केसाची जाडी मोजणारा मायक्रोमीटर डब्यात होता. डब्याच्या वरच्या कप्प्यात लसणाची चटणी आणि खालच्या कप्प्यात मायक्रोमीटर. जाऊ बघतच राहिली.

माझी सगळी नोकरी कोल्हापुरात आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना लेथ शिकवण्यात गेली. लेथ म्हणजे लोखंडाची कांब गरागरा फिरवायची आणि तिला हत्यार लावून पाहिजे तेवढी जाड, पाहिजे तशी गोल करायची, ते यंत्र. गेल्या वर्षी रिटायर झाले आणि घरी बसून असा कंटाळा आला की भाच्यानं माझे लेथवरचे व्हिडिओ मोबाइलवर टाकायला सुरुवात केली. ते व्हिडिओ बघून एक दिवस फोन आला. "मॅडम, मी सुजाता टीचर बोलून राह्यली, तामसीकडून. आमच्या शाळेतल्या पोट्ट्यांसाठी मशीन घ्याच्या हायत. आमाले कायी समजत नाही. तुमी येता का?" मी हो म्हणाले आणि मग नकाशात तामसी शोधलं. तेलंगणात निघालं! तेलंगणात मराठी शाळा असते हे मला त्या दिवशी कळलं, आता हसा हवं तर.

शुक्रवार, आदिलाबाद

गाडीतल्या प्रवासाचं काही सांगत नाही. नांदेडच्या पुढं शेतं पांढरी झाली एवढंच सांगते. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बायका ओळीनं वेचतायत, आणि मी खिडकीला नाक लावून लहान पोरीसारखी बघतेय.

आदिलाबादला उतरले आणि दातावर दात वाजायला लागले. दक्षिण म्हणजे उकाडा, असा हिशेब करून मी छत्री आणली होती, स्वेटर नाही! स्टेशनवर सुजाता टीचर स्कूटी घेऊन उभी. पस्तिशीची, बारीक, चष्मेवाली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पिशवीतून लाल स्वेटर काढलं. "माह्या भावाचं हाय. मले माहीतच होतं, तिकडची मानसं इकडं सेटर आणत नाही." ते माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. सात दिवस मी ते अंगातून काढलं नाही, म्हणून सगळ्या फोटोंत मी पोस्टाच्या पेटीसारखी दिसतेय.

स्टेशनबाहेर इडली खाल्ली. सोबत शेंगदाण्याची चटणी, अशी तिखट की कोल्हापूरची असून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि अब्रू गेली. चहा मात्र एवढ्याशा कपात! दोन घोट की संपला. मी चार मागवले. खाता खाता सुजातानं सगळी कथा सांगितली.

शाळेशेजारी पंचायतीची एक मोठी खोली आहे. गावातून शिकून बाहेर गेलेल्यांनी मशिनींसाठी वर्गणी जमवली आणि खोली मागितली. पण कापसाच्या दिवसांत त्या गावात रिकामी खोली ही गोष्टच नसते. भाव चढेपर्यंत लोक कापूस घरात साठवतात, माजघरात, पलंगाखाली, देवळाच्या ओवरीतसुद्धा. सरपंच गंगाबाईंचा कापूस दरवर्षी त्याच खोलीत पडतो. तरी त्या बऱ्या म्हणायच्या, मुदत तरी दिली.

"गुरुवारी अकरा वाजता पंचायतीची कमेटी येते," सुजाता म्हणाली. "मशीन चालून राह्यली असंल तर खोली पोट्ट्यांची. नाही तर त्याच दिवशी कापूस."

"आणि नंतर? कापूस विकल्यावर?"

"नंतर कोन देते मॅडम? दोन वर्षं झाले मी मागून राह्यली." मग तिनं बशी बाजूला सारली. "माही माय याच गावात दुसऱ्याचा कापूस वेचत म्हातारी झाली. मी शिकली म्हणून टीचर झाली. माह्या पोट्ट्या दहावी होते अन् पुन्हा वेचाले जाते. मी म्हणते आयटीआयचा फारम भरा. त्या म्हणते, टीचर, ते मशीनचं काम आमाले कुठी जमते? त्यायनं मशीन पाह्यलीच नाही तर त्या फारम कशा भरन?"

मी पाचवा चहा मागवला. माझ्या सगळ्या नोकरीत टर्नर ट्रेडला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या मुली आल्या. मी स्वतः शिकायला गेले तेव्हा तर एकटीच होते. हे तिला सांगितलं नाही, पण लेथ घेतल्याशिवाय घरी जायचं नाही हे तिथंच ठरवून टाकलं.

शनिवार, मंचेरियल

मंचेरियलला कोळशाच्या खाणी, म्हणून लोखंडाची कामं करणारी छोटी वर्कशॉप्स भरपूर. त्यातलं एक बंद होत होतं आणि मालक राजन्नांना मशिनी विकायच्या होत्या. आदिलाबादहून पहाटेची बस धरली. वाटेत सागाचं जंगल लागतं. काय जंगल! सुपाएवढी पानं. मी सुजाताला दर पाच मिनिटांनी "ते बघ, ते बघ" म्हणून हलवत होते, आणि ती बिचारी आदल्या रात्री पेपर तपासून दमलेली, "हाव मॅडम, साग हाय" म्हणून परत डोळे मिटायची.

राजन्ना साठीचे, पांढरी लुंगी, कपाळावर चष्मा. त्यांना मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही, म्हणून दोघांनी मिळून हिंदीचे हाल केले. शेडमध्ये दोन लेथ होते. एकाला नुकताच हिरवा रंग दिलेला, हँडल चकाचक. दुसरा कोपऱ्यात, काळाकुट्ट, ग्रीसनं माखलेला, म्हशीसारखा बसलेला.

सुजाता हिरव्याच्या प्रेमात पडली. "मॅडम, हाच. कमेटीले असाच आवडते."

"थांब जरा," मी म्हणाले. लेथच्या बेडवर, म्हणजे ज्या लोखंडी रुळांवरून हत्यार पुढंमागं सरकतं त्यावर, मी नख फिरवलं. जिथं रोज काम होतं तिथं नख अडकलं. रूळ खाल्ला गेलेला! मग हत्याराचं बूड लांबच्या टोकाला सरकवलं तर तिथं घट्ट, जवळ आणलं तर खडखड. वरून हिरवा रंग, आत सगळा आनंदीआनंद. कोपऱ्यातल्या म्हशीचं ग्रीस पुसून नख फिरवलं, तर अख्ख्या बेडवर कुठं अडकेना. बारीकसा उंचसखलपणाही दाखवणारा डायल गेज लावला. काटा जागचा हलेना! मी तिथंच टाळ्या वाजवल्या.

 राजन्नांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "अम्मा, आप को काम आता," म्हणाले. "हरावाला देखके सब लोग हरावाला लेके जाते." मग विचारलं, "कौन चलाते ये?"

"लडकियां. आठवी-नववीकी."

"लडकियां?"

"हां जी. लडकियां. कुछ तकलीफ है क्या?" मी कंबरेवर हात ठेवला. कोल्हापुरी हिंदीत भांडायची माझी पूर्ण तयारी होती.

 त्यांनी काळ्या लेथचं बटण दाबलं, खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि चालू मशीनच्या डोक्यावर, जिथून फिरण्याची सगळी ताकद येते तिथं, कडेवर उभं केलं. मशीन फुल स्पीडला आणि नाणं उभं! हललं नाही, पडलं नाही. सुजातानं माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठला. राजन्ना नाण्याकडं बघत म्हणाले, "मेरे दोनों लडके इसको हाथ नहीं लगाते. मोबाइल की दुकान डाले. लडकियां लगाते तो लगाने दो."

मग त्यांनीच एक ड्रिल मशीन आणि हत्यारं घासायचा ग्राइंडर काढून दिला, वर एक पेटीभर हत्यारं अशीच. त्यांच्या बायकोनं आम्हाला आत बसवून सर्वपिंडी वाढली. तांदळाच्या पिठात शेंगदाणे, डाळ, तीळ, मिरच्या घालून कढईतच थापायची, बोटानं भोकं पाडायची आणि तेल सोडायचं. आपलं थालीपीठच, पण जास्त कुरकुरीत आणि जास्त शहाणं. मी तीन खाल्ल्या. त्या चौथी वाढत होत्या आणि मी नको नको म्हणत ताट पुढं करत होते.

रविवार, गावाकडं

काळा लेथ एका डीसीएममध्ये चढवला. तिकडं मधल्या आकाराच्या ट्रकला सगळे डीसीएमच म्हणतात. ड्रायव्हरशेजारी सुजाता, तिच्याशेजारी मी, आणि मागं दोरखंडांनी बांधलेला लेथ. मी दर दहा मिनिटांनी मागच्या काचेतून बघायची. ड्रायव्हर वैतागला. "अम्मा, वो भागता नहीं." सुजाता हसून म्हणाली, "मॅडम, तुमी तर नवरीची पाठराखीण दिसून राह्यल्या." खरंच होतं ते. माझ्या लग्नात माझ्याबरोबर आलेल्या मावशीनंसुद्धा माझ्याकडं इतक्यांदा बघितलं नसेल.

आदल्या दिवशी शिंकले तर रुमाल काळा, कोळशानं. आज शिंकले तर रुमालावर कापसाचे तंतू. तामसीजवळच्या त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं गंगाबाईंबद्दल लिहायचं आहे आणि त्या वाचतील.

कोल्हापुरात असं वजन उतरवायचं तर साखळीची कप्पी, क्रेन, दोन हेल्मेटवाले. इथं भीमराव बापू. सत्तरीचे, विहिरी खोदण्यात हयात गेलेली. त्यांनी सागाच्या चार बल्ल्या ट्रकला उतरत्या लावल्या, खाली लोखंडी पाइपचे तुकडे टाकले आणि दहा जणांना दोर धरायला लावले. मी सूचना द्यायला तोंड उघडलं. "बाई," बापू म्हणाले, "तुमी मशीन चालवा. वजन माह्यावर सोडा." मी तोंड मिटलं. माझ्या घरच्यांना हे सांगितलं तर विश्वास बसणार नाही. अर्ध्या तासात लेथ दारात आला, कुठं ओरखडासुद्धा नाही. कापूस वेचून परतणाऱ्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन तशाच थांबल्या होत्या. एक म्हणाली, "बाप्पा! केवढा काळा हाय व!" सगळ्या खिदळल्या.

सोमवार ते बुधवार

लेथ नुसता ठेवून चालत नाही. तो पाण्यासारखा सपाट बसला पाहिजे, नाहीतर कांब एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघते. त्यात इथली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, वरचं सगळं वाकडं करते. मी बापूंना उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं, चौथरा किती खोल गेलाय? तर म्हणाले, "मुरूम लागेपर्यंत. महिना झाला घालून. टीचरनं मशीन घ्याच्या आंधीच सांगतलं होतं." मशीन नव्हतं, मी नव्हते, खोली मिळेल की नाही माहीत नव्हतं, आणि सुजातानं पाया घालून ठेवला होता! मी तिच्या पाठीत धपाटा घातला. तिकडं कौतुक कसं करतात माहीत नाही, आमच्याकडं असंच करतात.

शाळा सुटली की नववीच्या अकरा पोरी यायच्या. पहिल्या दिवशी भिंतीला चिकटून उभ्या. दुसऱ्या दिवशी सपाटी बघायच्या लेव्हलच्या नळीतला बुडबुडा कुठं गेला यावरून भांडायला लागल्या. पायाचे स्क्रू त्यांनीच फिरवले, एक जण फिरवते, एक जण बुडबुडा बघते, बाकीच्या ओरडतात. त्यात करुणा म्हणून एक पोरगी होती. बोलणं तोडून टाकणारं. मी म्हणाले जरा डावीकडं, तर म्हणाली, "मॅडम, तुमी उभ्या हाय तिथून तिरपं दिसते. इकडून पाहा." तिच्या बाजूनं बघितलं, तिचंच बरोबर होतं.

मी पहिला धडा मशीनचा दिलाच नाही, कपड्यांचा दिला. ओढणी, मोकळे केस, बांगड्या. फिरणारं मशीन यातलं काहीही धरतं आणि मग माणसालाच ओढतं. त्यामुळं ओढणी बाहेर, केस बांधून टोपीत, बांगड्या काढून डब्यात. "जो कुणी मशीनपाशी येईल त्याला हे लागू. मी असो, कलेक्टर असो." पोरींनी मान डोलावली आणि बांगड्यांसाठी बिस्किटांचा रिकामा डबा आणला.

जेवण सुजाताच्या घरी. तिची आई, सगळा गाव तिला माय म्हणतो, ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी करायची. वर जवसाची चटणी. आमच्याकडं भाकरीबरोबर दही लागतं, इथं भाकर भाजीच्या रश्शात कुस्करून अशी काही ओरपतात की मी पहिल्या दिवशी चमचा मागितल्याची मला लाज वाटली. माय म्हणायची, "खा वं बाई, तुमी मशीनशी झोंबून राह्यल्या."

बुधवारी दुपारी बुडबुडा मधोमध आला तो हललाच नाही. वायरिंग झालं, मोटर फिरली, पोरी पाळीपाळीनं एकेक फेरा मारून माप घ्यायलासुद्धा शिकल्या. मी पोरींना म्हणाले, उद्या सकाळी लवकर येऊन ग्रीस पुसू, तेल घालू, आणि अकराला कमेटीला दाखवू. किल्ली सुजाताकडं देऊन मी मायच्या भाकरीकडं गेले. एवढी खूश होते की वाटेत कुत्र्यालासुद्धा राम राम घातला.

गुरुवार

सकाळी आठला सुजाता आणि मी गेलो तर पोरी दारात रांगेनं उभ्या. वेण्या घातलेल्या, चेहरे उजळलेले. "मॅडम, डोळे मिटा." मी मिटले. आत नेलं. "उघडा."

उघडले आणि माझी किंकाळी शाळेपर्यंत गेली.

लेथला आंघोळ घातली होती! आदल्या संध्याकाळी, मी गेल्यावर, झाडायचंय म्हणून सुजाताकडून किल्ली मागून. ग्रीस राखेनं घासून काढलेलं, मग चिंचेच्या पाण्यानं मशीन चोळलेलं, मग चार बादल्या पाणी. चिंचेनं पितळेची पाटी सोन्यासारखी लखलखत होती. आणि बेड? माझा तो नख न अडकणारा बेड रातोरात गंजून नारिंगी झाला होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"अगं काय केलंत हे! लोखंडाला चिंच? रात्रभर?"

 मग करुणा म्हणाली, "बैल कोनाले दाखवाचा असला तर आमी धुतो. टॅक्टर आणला तरी धुतो. मशीन काळी दिसत होती. कमेटीच्या बाया टीचरले हसल्या असत्या." तिचा आवाज फाटला. "आमाले वाटलं, तिले चांगलं दिसू द्या."

मागं एकीचं रडं फुटलं, मग सगळ्यांचं. सुजाता दाराच्या चौकटीला धरून उभी, तोंडावरचा रंग उडालेला. आणि दाराबाहेर गंगाबाईंचा ट्रॅक्टर येऊन उभा होता, मागं ट्रॉलीभर कापूस. ड्रायव्हर बिडी पेटवत होता. कमेटीला तीन तास होते.

एकाएकी मला आठवलं. मोटर! मोटरमध्ये पाणी गेलं असेल तर कपाळमोक्ष. मी मशीनमागं धावले. मोटरभोवती दोन खताच्या पिशव्या, वर सुतळीनं घट्ट बांधलेल्या. सोडून हात घातला. कोरडी ठणठणीत!

"हे कुणी केलं?"

"आमीच," करुणा नाक पुसत म्हणाली. "करंटच्या वस्तूले पानी लागू देत नाही. टीचरनं सातवीत शिकवलं."

मला जे हसू आलं ते आवरेना. मी तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि हसत सुटले. पोरींना वाटलं बाईला काही झालं. अहो, लेथला चिंच फासणाऱ्या पोरी मोटर मात्र झाकतात! अशा विद्यार्थिनी मला उभ्या जन्मात मिळाल्या नव्हत्या. "उठा सगळ्या," मी ओरडले. "वरवरचा गंज आहे, आत गेलेला नाही. रॉकेल आणा, तेल आणा, बारीक पॉलिश पेपर माझ्या पेटीत आहे. आणि घासायचं ते लांबीनंच. जी आडवं घासेल तिला मी धुते!"

रॉकेल मायनं आणलं, तेल बापूंनी. पोरी दोन्ही बाजूंनी बेडला भिडल्या. पुसायला मात्र चिंध्या पुरेनात. मी दाराबाहेर बघितलं. ट्रॉलीभर कापूस! सरकीसकट, शेतातला. कच्चा कापूस पाण्याला शिवत नाही, तेल मात्र गटागटा पितो. "भाऊ, दोन कवळे दे की," मी ड्रायव्हरला म्हणाले.

"सरपंचबाईचा हाय जी."

"मग त्यांच्याच खोलीसाठी चाललाय. दे."

त्याला यात काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते सापडेपर्यंत मी कवळे उचलले होते. साडेदहापर्यंत नारिंगी गेलं, करडं लोखंड दिसलं, आणि तेलावर कापसाचे तंतू बसून लेथला पांढरी दाढी फुटली. पोरी आता हसतायत, दाढी उपटतायत. मी एक कांब बांधली, एक फेरा मारला, दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावला. दोन्हीकडं तेच माप! मी मायचा मुका घेतला. माय म्हणाली, "सोडा वं, सगळं रॉकेल रॉकेल लागून राह्यलं."

अकराच्या ठोक्याला गंगाबाई आल्या. उंच, सावळ्या, हिरवं लुगडं, दोन्ही हातांत डझनभर काचेच्या बांगड्या. मागं कमेटीची चार माणसं. त्यांनी आधी ट्रॉली बघितली, मग खोली, मग लेथची उरलेली दाढी. माझ्या हातातला कापूसही बघितला.

मी मशीनकडं वळले तर म्हणाल्या, "तुमी नको बाई. तुमी कोल्हापूरच्या. उद्या जासान. पोट्टी चालवंल तर दाखवा."

सुजातानं माझ्याकडं बघितलं. कुणी काही म्हणायच्या आत करुणा पुढं आली. टोपी घातली, कामाचा चष्मा लावला, बटण दाबलं. हत्यार कांबेला लागलं आणि लोखंडाची निळसर चकचकीत साल वळत वळत निघायला लागली. एक फेरा झाला. करुणानं मशीन बंद केलं, माप घेतलं, मला न विचारता आकडा सांगितला. बरोबर होता.

गंगाबाई दोन पावलं पुढं आल्या. मशीनकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरक. मी पाह्यतो फिरवून."

करुणा सरकली नाही. "बांगड्या," ती म्हणाली.

"काय?"

"बांगड्या काढा लागते. नाही तर मशीनले हात लावू देत नाही मी."

 गावच्या सरपंच, सवाष्ण बाई, चारचौघांत त्यांना एक नववीची पोरगी बांगड्या काढा म्हणते! कमेटीतला एक जण "ए पोट्टे!" म्हणून ओरडला. सुजाता पुढं झाली, पण करुणाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "हाव बाई. तिचं खरं हाय. नियम हाय," ती म्हणाली.

गंगाबाईंनी करुणाकडं बघितलं. करुणानं पापणी लववली नाही, फक्त कान लाल झाले होते.

"काढत नाही मी," गंगाबाई म्हणाल्या. "मालक जिता हाय माहा." मग त्यांनी सगळ्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि हात पुढं केला. "घट्ट बांधून दे. चालते का असं?"

करुणानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. तिनं आपले दोन रुमाल काढले, दोन्ही हातांवर गच्च आवळून गाठी मारल्या, पदर खोचून दिला, चष्मा चढवला आणि त्यांना फिरत्या भागापासून लांब, नुसत्या हँडलच्या चाकापाशी उभं केलं. बटण स्वतः दाबलं. गंगाबाईंनी हँडल फिरवलं. साल निघाली. आधी तुटक, मग लांबच लांब. "आयवं!" गंगाबाई म्हणाल्या. "आयवं! लोखंड हाय का हे? हे तर काकडीवानी सोलून राह्यलं!" आणि अशा हसल्या की चष्मा नाकावर आला.

मशीन थांबलं. रुमाल सोडताना त्या करुणाला म्हणाल्या, "मशीनले नाही भ्याली. अन् मलेबी नाही भ्याली." मग दाराकडं वळून ड्रायव्हरला हाक मारली, "टॅक्टर फिरव रे! कापूस आपल्या घरी टाक, हॉलमंधी. अन् मालकाले सांग, सोफा बाहेर काढा लागते."

ट्रॅक्टर वळेपर्यंत कुणी हललं नाही. तो नजरेआड झाला आणि मग जो गोंधळ झाला तो मला लिहिता यायचा नाही. पोरी नाचत होत्या, बापू कुणाच्या तरी पाठीवर थापा मारत होते, माय पेढे नाहीत म्हणून सगळ्यांना गूळ वाटत होती. सुजाता मात्र उंबऱ्यावर बसली होती आणि रडत होती, अगदी हुंदके देऊन. पोरी घाबरल्या. "टीचर, काऊन रडून राह्यल्या? खोली भेटली न!"

करुणानं तिच्यासमोर टोपी धरली. "टीचर, तुमी एकदाबी नाही चालवली. या."

आणि खरंच, तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाच दिवस तिनं पाइप ओढले, बुडबुडे बघितले, रॉकेलनं हात सोलून घेतले, पण हँडलला एकदाही हात लावला नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "मोडली असती मॅडम, तर पोट्ट्यायचं काय झालं असतं?"

तिनं हातातल्या बांगड्या स्वतःच काढून बिस्किटांच्या डब्यात टाकल्या, केस टोपीत घातले आणि उभी राहिली. करुणानं बटण दाबलं. सुजातानं हँडल फिरवलं, साल वळत वळत निघाली. कांब संपली तर तिनं दुसरी मागितली. मायची भाकर थंड होत होती, दुपारची बस निघून गेली, मला जाम भूक लागली होती. मी तिला तिसरी कांब बांधून दिली.